पगारे काकांचं वटवाघूळ

पगारे काकांच्या घरात शिरायला अडीच सेकंद मिळतात. हा आकडा त्यांनी स्वतः घड्याळ लावून ठरवला आहे. बेल वाजवली की आतून आवाज येतो, "किती जण?" आपण म्हणायचं, "एक." मग कडी सरकते, "या" असा हुकूम सुटतो आणि एक माणूस तिरका होऊन शिरेल एवढंच दार उघडतं. आपण शिरलो की दार बंद. एकदा माझ्या ओढणीचं टोक बाहेर राहिलं. ते आत घ्यायला काका पुन्हा दार उघडेनात. चहा होईपर्यंत मी दाराला टेकून उभी होते, आणि काका मला तिथेच खुर्ची आणून देत होते.

कारण विचारलं तर ते भिंतीवरच्या गोल तबकडीतल्या काट्याकडे बोट दाखवतात. हवेत ओलावा किती आहे ते तो काटा सांगतो. "बाहेर अठरा, आत सत्तर. तुम्ही दारात उभं राहून 'काय म्हणता काका' म्हणालात की आतले चार गेले. ते मी परत कुठून आणू?"

आमची सोसायटी नाशिकला, पाथर्डी फाट्याच्या अलीकडे आहे. चार मजली, लिफ्ट नसलेली जुनी इमारत. मी पोस्टात नोकरी करते, दुसऱ्या मजल्यावर राहते, आणि काका माझ्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर. चार वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो तेव्हा त्यांची बायको जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. मुलगा बंगळुरूला. दौलत पगारे हे नाव दारावर आहे, पण पोस्टमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणतात.

काकांनी आयुष्यभर ओझरच्या विमान कारखान्यात तपासनिसाचं काम केलं. दुसऱ्यांनी विमानाच्या पत्र्यात ठोकलेले रिवेट हातात टॉर्च घेऊन बघायचे आणि बरोबर की चूक ते सांगायचं. "चूक राहिली तर वर आकाशात गाडी बाजूला घेऊन थांबता येत नाही," असं ते म्हणतात. निवृत्त झाल्यावर विमानं सुटली, तपासणी सुटली नाही. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी कायम असते. त्यांच्या तोंडात एक शब्द सतत असतो: टॉलरन्स. मापात थोडं इकडेतिकडे झालेलं किती चालेल, त्याची हद्द. माझ्या पोह्यांतलं मीठ टॉलरन्समध्ये असतं. माझ्या आठवीतल्या मुलीचं अक्षर टॉलरन्सच्या बाहेर आहे. माझा नवरा सुनील गाडी लावतो ती कधी आत, कधी बाहेर. आमचे चेअरमन देवरे साहेब रागावले की काका त्यांच्या तोंडावर म्हणतात, "साहेब, आवाज हद्दीच्या बाहेर चाललाय." देवरे आणखी रागावतात.

तर या माणसाने म्हातारपणी जीव लावला तो एका झाडाला. इंग्रजीत त्याला बॅट फ्लॉवर म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत वटवाघूळ. मूळचं दूरच्या दमट जंगलांतलं, उंच झाडांच्या सावलीत वाढणारं. पानं कर्दळीसारखी रुंद आणि तुकतुकीत. फूल काळं. जांभळट वगैरे म्हणायला लोक बघतात, पण ते काळंच. वर दोन पंख पसरलेले, मध्ये बारीक फुलांचा गुच्छ, आणि खाली वीतभर लांबीच्या मिशा लोंबत असतात. त्याला ऊन नको, थंडी नको, कोरडी हवा नको आणि मुळाशी साचलेलं पाणीही नको. आता नाशिकमध्ये एप्रिलला हवा पापडासारखी वाळते आणि जानेवारीत निफाडकडून असा गारठा येतो की नळाला हात लावताना विचार करावा लागतो. एवढी मोठी पृथ्वी सोडून हे झाड इथे वाढवायचं काकांनी ठरवलं. तेही गुलाबांच्या गावात.

मी आले तेव्हा पहिलं झाड मेलेलं होतं. दुसरं माझ्या डोळ्यांसमोर मेलं. तिसरंही. काका प्रत्येक झाडाची नोंद एका जाड वहीत करायचे आणि शेवटी मृत्यूचं कारण लिहायचे. मी ती वही वाचली आहे. पहिल्यापुढे लिहिलंय, "नळाचं पाणी. क्षार." दुसऱ्यापुढे, "मालकाचा उत्साह." म्हणजे काकांनी दिवसातून पाच वेळा पाणी घालून त्याची मुळं कुजवली होती. तिसऱ्यापुढे फक्त, "सटाण्याचं लग्न." भाचीच्या लग्नाला ते दोन दिवस गावी गेले आणि नेमकी तेव्हाच थंडीची लाट आली. परत आले तेव्हा पानं उकडलेल्या पालकासारखी पडली होती. नवरी मुलगी नंतर नमस्काराला आली, तर काका तिला म्हणाले, "सुखी राहा. तुझ्या लग्नाची मोठी किंमत पडली मला." ती बिचारी आहेराबद्दल समजली.

चौथ्या झाडाच्या वेळी काकांनी पूर्ण घराचा कारखाना केला. हॉलमध्ये बांबूचा सांगाडा, त्यावर प्लॅस्टिकचा पडदा, चारी बाजूंनी ओली गोणपाटं, खाली ट्रेमध्ये खडी आणि पाणी. माती जवळजवळ नाहीच. नारळाचा काथ्या, लाकडाची साल, कोळशाचे तुकडे, म्हणजे पाणी थांबता कामा नये. कूलरचं तोंड झाडाकडे. काका स्वतः पंख्याखाली घामाघूम. थंडीत झाडाभोवती रजई आणि काका स्वेटरवर. त्या घरात पापड तळून बशीत ठेवला तर तोंडात जाईपर्यंत मऊ पडतो. काडेपेटी पेटत नाही. वर्तमानपत्र दुपारपर्यंत धुतलेल्या फडक्यासारखं होतं. चष्मेवाला पाहुणा आला की काका आधी त्याला हातरुमाल देतात, मग पाणी.

पाण्याचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला ते तर सगळ्या इमारतीला माहीत आहे. पावसाचं पाणी ते पिंपात साठवायचे, पण ते मार्चपर्यंतच पुरायचं. मग त्यांना शोध लागला की एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार नसतात. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गॅलरीत त्यांची बादली आली. संध्याकाळी फोन यायचा. "ताई, आज एसी लावणार आहात ना?"

"काका, आज तेवढं उकडत नाहीये."

"उकडतंय. बत्तीस आहे. मी बघितलं."

सुनील बिलाच्या नावाने कुरकुरायचा आणि एसी लावायचा. एकदा आम्ही चार दिवस गावाला गेलो, तर परत आल्यावर काकांनी आमची चौकशी केली ती अशी, "चार दिवसांत दोन बादल्या बुडाल्या. पण असो, तुम्ही मजेत ना?"

माणसांशी काका पुस्तकी मराठी बोलतात. झाडाशी मात्र अहिराणी. मूळचे ते सटाण्याकडचे. मी जिन्यातून जाताना आतून आवाज ऐकू यायचा, "काय शे माय, पाणी जोयजे का तुले?" मी विचारलं तर जरा लाजले. म्हणाले, "त्याच्याशी मराठी बोलायला लागलो की मी नोटीस वाचून दाखवतोय असं वाटतं."

चौथं झाड दोन वर्षं जगलं आणि नुसती पानं काढत राहिलं. काकांनी पानांची लांबी मोजली, रुंदी मोजली, वहीत लिहिली. फूल नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की हॉलमधला उजेड कमी पडतोय. गॅलरी पश्चिमेची, तिथलं ऊन तर झाडाला जाळून टाकेल. सगळ्या इमारतीत मऊ, गार, दिवसभर सारखा उजेड एकाच ठिकाणी होता: दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, उत्तरेच्या जाळीच्या खिडकीखाली. पावसाळ्यात बाहेरची हवा आपोआप ओली असते. जुलैत काकांनी सांगाडा, पडदा, खडी, सगळा संसार जिन्याच्या वळणावर हलवला. माणूस जाईल एवढी वाट पट्टीने मोजून सोडली.

ऑगस्टच्या एका सकाळी मी डबा भरत होते, तर काका दारात. धाप लागलेली, चपला नाहीत.

"ताई, जरा वर चला. मला एक वस्तू दिसतेय. ती खरंच आहे की मला दिसतेय, एवढं सांगा."

पानांच्या बुडाशी एक काळा कोंब वर आला होता, अंगठ्याएवढा. मला आधी वाटलं काहीतरी कुजलंय. तसं म्हणणार एवढ्यात मी काकांकडे पाहिलं. साठी उलटलेला माणूस हात पाठीमागे बांधून उभा होता, बोर्डाच्या निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसा.

"आहे," मी म्हणाले.

"लिहून घेतो," म्हणून ते वर पळाले.

कोंबाचा दांडा झाला, दांडा रोज बोटभर वाढू लागला, आणि टोकाला काळी कळी आली. मग इमारतीच्या लक्षात आलं की हे काय वाढतंय.

पहिली तक्रार देवरे साहेबांच्या आईंची. देवरे चौथ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या आईंना सगळे माई म्हणतात. माई म्हणाल्या, जिन्यात काळं फूल म्हणजे काय हे, आणि त्यातून वटवाघळासारखं. खरं कारण वेगळं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. येत्या रविवारी देवऱ्यांच्या केतकीला बघायला सिन्नरहून पाहुणे येणार होते. याआधी तीन ठिकाणची माणसं येऊन, पोहे खाऊन गेली होती. तिन्हीकडून "पत्रिका जुळत नाही" असा निरोप आला होता. केतकी कॉलेजात शिकवते, हसते छान, बोलते छान. पण रंगाने सावळी आहे. हे तोंडाने कोणी म्हणत नव्हतं.

शुक्रवारी देवऱ्यांनी खाली पार्किंगमध्ये सभा बोलावली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मध्ये देवरे.

"पगारे, वैयक्तिक काही नाही," ते म्हणाले. "पण जिना सगळ्यांचा आहे. रविवारपर्यंत ते झाड तुमच्या घरात घ्या."

काका उभे राहिले. "साहेब, कळी उद्या-परवा उमलेल. आता जागा बदलली, हवा बदलली, तर ती गळून पडते. तीन झाडं मेल्यावर हे चौथं आहे. रविवार झाल्यावर लगेच हलवतो. लिहून देतो."

"मला रविवारचीच अडचण आहे."

"फुलाची काय अडचण?"

देवऱ्यांचा चेहरा लाल झाला. "अहो, मुलगी बघायला माणसं येणार. जिना चढताना पहिलं दर्शन कशाचं, तर काळ्या वटवाघळाचं. आधीच—" आणि ते थांबले.

मी पडदा लावून झाकता येईल का वगैरे काहीतरी बोलले. कोणी ऐकलं नाही. केतकी मागे, खांबाजवळ उभी होती. ती आलेली आम्हाला दिसलीच नव्हती.

"बाबा, राहू दे ते फूल," ती म्हणाली. "त्याला बघून जे परत जातील, ते मला बघून थांबणार होते का?"

देवऱ्यांनी हातातला कागद दुमडला, पुन्हा दुमडला आणि सभा संपली. काका मात्र वर जाताना केतकीसाठी वळणावर थांबले. काय बोलले कोण जाणे. मी मागून येत होते, तर ती म्हणत होती, "नाही काका, मला खरंच आवडतं ते."

शनिवारी दुपारी फूल उमललं.

मी ते पाहिलं तेव्हा पायरीवर बसलेच. तळहाताहून मोठे दोन काळे पंख, मखमलीसारखे, उजेडात कडेला किंचित लालसर. खाली मिशा, वीसेक, खडीपर्यंत लोंबणाऱ्या. त्यात भीतीदायक काही नव्हतं. एखाद्या मोठ्या घरची बाई जिन्यात येऊन उभी राहावी आणि आपण वाट द्यावी, तसं ते होतं. काकांनी पट्टी काढली, मिशीला लावली, आणि पट्टी अपुरी पडली. तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो मी कोणाच्या बढतीतही पाहिलेला नाही.

रविवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून, प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन वळणावर बसले. मी म्हटलं, "काका, आज तरी घरात बसा. देवऱ्यांना आणखी नको ते वाटेल." म्हणाले, "मी झाडावर लक्ष ठेवतो. माणसं हात लावतात." पाहुणे येईपर्यंत ते हलले नाहीत.

पाहुणे अकराला आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक जाडजूड मामा. मुलगा सिन्नरला गुरांचा डॉक्टर. दार उघडं ठेवून मी पोहे परततेय असं दाखवत सगळं ऐकत होते. वळणावर मामांचा आवाज आला, "हे काय जनावर आहे?"

"झाड आहे," काका म्हणाले. "चार मिनिटं आहेत का?"

चार मिनिटांची अकरा झाली. काका कोळशाचे तुकडे सांगत होते, एसीचं पाणी सांगत होते. वरून देवरे "या, या" म्हणत खाली वाकून बघत होते. शेवटी मुलाची आई म्हणाली, "भाऊ, उतरताना बघू," तेव्हा सुटका झाली.

वर पोहे झाले, प्रश्न झाले. मग कोणीतरी म्हणालं, मुलांना पाच मिनिटं बोलू द्या. पण देवऱ्यांच्या दोन खोल्यांत त्या दिवशी चौदा माणसं होती. गॅलरीत माई, आतल्या खोलीत मावश्या. म्हणून केतकी आणि तो मुलगा जिन्यात आले आणि जिना उतरत उतरत वळणावर पोचले, जिथे काका बसलेले होते.

दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. काकांनी स्टूल मुलाला दिलं, केतकीला वरची पायरी दाखवली आणि झाडाच्या मुळापासून सुरुवात केली. मी दाराच्या फटीतून पाहत होते आणि कपाळाला हात लावत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. मुलगा मधेच विचारायचा, "पण मग बुरशी लागत नाही का?" केतकी म्हणायची, "लागली होती, मागच्या वर्षी. काकांनी ब्रशने पुसून काढली." थोड्या वेळाने काकांनी घरातून शिवणाची टेप आणली. मुलाने मिशी दोन बोटांत अलगद धरली, गाईच्या वासराचा कान धरावा तशी, आणि केतकीने टेप लावली. काका वहीत लिहीत होते.

"सत्तावीस सेंटिमीटर," केतकी म्हणाली.

"साडेसत्तावीस," तो म्हणाला. "टोक वळलंय ते धरलं नाही तुम्ही."

"टोक धरत नाहीत."

"का धरत नाहीत? ते तिचंच आहे ना?"

यावर ती मोठ्याने हसली. देवरे वरून दोनदा डोकावून गेले. चाळीस मिनिटांनी ती दोघं वर गेली, तेव्हा काका घामाने भिजले होते.

पाहुणे निघाले तेव्हाही काकांनी सोडलं नाही. वळणावर पुन्हा अडवलं. मामांच्या बरोबरीने खत, पाऊस, सिन्नरची विहीर असं बोलत बोलत एकेक पायरी उतरले, खाली फाटकापर्यंत गेले, गाडीचं दार लावेपर्यंत बोलत राहिले. सुनील मला म्हणाला, "या माणसाला कुणीतरी आवरा. मुलीचं जमणार असेल तर यांच्यामुळे मोडेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी सिन्नरहून फोन आला. मुलाला केतकी पसंत होती. केतकी म्हणाली, मला अजून दोनदा भेटायचंय, मग सांगते. ती दोनदा भेटली आणि मग तिने सांगितलं. हो.

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या जिन्याचं तीर्थक्षेत्र झालं. आधी आजूबाजूच्या इमारतींतली माणसं आली, मग शाळेतल्या बाई वर्ग घेऊन आल्या, मग एक वार्ताहर येऊन फोटो काढून गेला. गुलाब वाढवणारे एक वयस्कर गृहस्थ कॉलेज रोडवरून रिक्षा करून आले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पगारे, चाळीस वर्षं फुलं लावतोय. आज मी तुमच्या जिन्यात विद्यार्थी." माई रोज सकाळी खाली उतरून फुलाला लांबून बघायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या जिन्यातलं आहे." आणि देवऱ्यांनी स्वतः छापून आणलेली पाटी भिंतीवर लावली: "फुलास हात लावू नये. चेअरमन."

सगळ्यात मोठा मान मात्र ओझरहून आला. काकांचे जुने सोबती एका जीपमध्ये बसून आले, सात जण. त्यांत त्यांचे एके काळचे साहेब होते, पंच्याहत्तरीचे, काठी टेकत. या साहेबांनी काकांना कधी "ठीक" याच्या पलीकडे शब्द दिला नव्हता म्हणे. त्यांनी खिशातून टॉर्च काढला. पंखांच्या वरून बघितलं, खालून बघितलं, दांडा बघितला, एकेका मिशीवरून उजेड फिरवला. आम्ही सगळे पायऱ्यांवर उभे होतो. पाच मिनिटांनी त्यांनी टॉर्च बंद केला.

"पगारे," ते म्हणाले, "यात मला काही काढता येत नाही."

काकांनी मान खाली घातली. त्या दिवशी त्यांनी सातही जणांना एकदम घरात घेतलं आणि दार सताड उघडं ठेवलं.

केतकीचं लग्न डिसेंबरात ठरलं. त्याच्या आठ दिवस आधी काका माझ्याकडे आले. हातात साडीचा खोका. येवल्याला जाऊन आले होते.

"ताई, बाईमाणसाची नजर पाहिजे. लग्नात द्यायला कशी आहे सांगा."

मी खोका उघडला. पैठणी होती, काळी कुळकुळीत, पदरावर सोनेरी मोर. इतकी देखणी साडी मी हातात धरलेली नव्हती.

"काका, साडी सुंदर आहे. पण काळी? लग्नात? माई काय म्हणतील?"

काका खुर्चीवर बसले. नेहमी ते टेकत नाहीत, ताठ बसतात. त्या दिवशी टेकले.

"आमच्या हिला गडद रंग आवडत नाहीत असं मी समजत होतो," ते म्हणाले. "सुमनला. एकतीस वर्षांत तिने मोतिया, बिस्किटी, फिका गुलाबी, याशिवाय रंग घेतला नाही. मी कधी विचारलं नाही. आवड असते एकेकाची. ती गेल्यावर साड्या वाटून टाकायला मी कपाट उघडलं. सगळं कपाट फिकं. तिची बहीण सोबत होती. मी म्हटलं, बघा, तुमच्या बहिणीला एक गडद रंग चालायचा नाही. तर ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, दाजी, तिनी आयकेल व्हतं."

"काय ऐकलं होतं?"

"मी सुमनला बघायला गेलो होतो सटाण्याला. वरच्या मजल्यावर त्यांची खोली. पोहे झाले, आम्ही निघालो. जिना उतरताना मी माझ्या मामांना म्हणालो, पोरगी बरी आहे, पण रंगाने जरा डावी आहे." काकांनी साडीच्या खोक्याकडे पाहिलं. "बस, एवढंच. संध्याकाळी होकार कळवला. मी ते बोललो हे घरी पोचेपर्यंत विसरलो होतो. ती वर दाराशी उभी होती. जिन्यात आवाज वर जातो, ताई. हे मला तेव्हा माहीत नव्हतं."

मी खोक्याचं झाकण बाजूला ठेवलं.

"तिने एकदाही काढलं नाही," काका म्हणाले. "भांडलो, तेव्हाही नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधत होतो आणि घरात माझीच चूक रोज समोर फिरत होती. मला दिसली नाही. ती गेल्यावर सहा महिने मी कशातच नव्हतो. मग कुठेतरी या फुलाचा फोटो बघितला. इतकं काळं, आणि इतकं ऐटीत. म्हटलं, हे आपल्या हाताने आणायचं."

आणि मग, साडीची घडी नीट करता करता, त्यांनी सहज सांगितलं, "त्या रविवारी मी झाडासाठी बसलो नव्हतो. झाडाला काय होणार होतं? परत जाताना माणसं जिन्यातच बोलतात. घरात बोलत नाहीत, गाडीत बसेपर्यंत दम निघत नाही, जिन्यात बोलतात. आणि वर ती पोरगी दारात उभी असते. म्हटलं, फाटकापर्यंत यांना बोलूच द्यायचं नाही."

संध्याकाळी आम्ही दोघं साडी घेऊन चौथ्या मजल्यावर गेलो. माईंनी साडी बघितली, तोंड उघडलं, आणि देवऱ्यांनी त्यांच्या हाताला हात लावला तसं मिटलं. केतकीने साडी उलगडली आणि ती घेऊन आत गेली. काका आत बसायला तयार नव्हते. बाहेर जिन्यातच उभे राहिले.

दहा मिनिटांनी केतकी दारात आली. साडी ड्रेसवरूनच गुंडाळली होती, घाईघाईने, पदर एका बाजूला घसरलेला. पण ती काळ्या रेशमात उभी राहिली आणि जिन्यातल्या साध्या ट्यूबलाइटमध्येही ती आणि ती साडी एकमेकींसाठीच होत्या हे कोणालाही कळलं असतं.

"काका, कशी दिसते?"

काका दोनदा खाकरले. एका हाताने त्यांनी कठडा धरला आणि मग तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्या, स्वच्छ आवाजात ते म्हणाले,

"छान दिसतेस. फार छान दिसतेस."